काचेला कान

आमच्या ऑफिसातल्या मीटिंग रूम्सना गडकिल्ल्यांची नावं आहेत. रायगड, राजगड, तोरणा आणि माझ्या डेस्कला अगदी खेटून सिंहगड. पुण्यातलं ऑफिस म्हटल्यावर हे ओघानंच आलं. फक्त या सिंहगडाला तट नाही की बुरूज नाही. तीन बाजूंनी 12 एमएमची टफन काच, आणि बसलेल्या माणसाचं तोंड दिसू नये म्हणून त्या काचेवर मधोमध पांढऱ्या फ्रॉस्टेड फिल्मचा पट्टा. आत कोण बसलंय ते बुटांवरून ओळखायचं. आणि आत काय चाललंय? ते ओळखावं लागत नाही. ऐकू येतं.

सुरुवातीला आम्ही याची मजाच घेतली. कोणाचं अप्रेझल कसं झालं, कोणत्या क्लायंटनं कोणाची बिनपाण्यानं केली, हे मेल यायच्या आधी आम्हाला ठाऊक. टीममधला एक मुलगा लग्नाच्या स्थळाशी बोलायला मुद्दाम सिंहगडात गेला, दार लावून घेतलं आणि 'मी तसा शांत स्वभावाचा आहे' हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की अर्धा फ्लोअर हसला. स्थळ जमलं नाही. त्याला काच कारणीभूत नसावी.

मग एका मंगळवारी त्याच काचेतून एक नाव ऐकू आलं.

आत तिघं होते आणि स्पीकरफोनवर चौथा. यादी वाचणं चाललं होतं. मी मान खाली घालून एसीच्या मेंटेनन्सची बिलं तपासत होते. ऐकायचं असं काही ठरवलं नव्हतं, खरंच. पण ओळखीचं नाव कानाला आपोआप सापडतं. लग्नाच्या गर्दीत कोणी आपलं नाव घेतलं की मान वळते ना, तसं. नाव माझ्या डावीकडे बसणाऱ्या मैत्रिणीचं होतं. ती हेडफोन लावून एक्सेलमध्ये बुडालेली. "शुक्रवारी सांगू," आतला आवाज म्हणाला, "तोवर बाहेर फुटायला नको."

त्या दुपारी मी तिच्या डब्यातली भेंडी खाल्ली. बुधवारीही एकत्रच जेवलो. वाकडला फ्लॅट बघत होती ती. प्लॅन उघडून दाखवत होती, बाल्कनी कुठे, वॉशिंग मशीन कुठे. गुरुवारी टोकनचा चेक द्यायचा होता. मी म्हटलं, "थोडं थांब ना, घाई काय आहे?" तर म्हणाली, "अगं, रेट वाढतायत." त्यापुढे माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. चोरून ऐकलेलं सांगायचं कसं? चुकीचं ऐकलं असलं तर? नोकरी माझीही होती, हेही कबूल करायला हवं. गुरुवारी तिनं चेक दिला. शुक्रवारी चार वाजता तिला सिंहगडात बोलावलं. तेही ऐकू आलं. सगळ्यांना.

आता या गोष्टीतला माझा वाटा सांगते. मी ॲडमिनमध्ये आहे. म्हणजे दिवे, एसी, पाणी, टिश्यू पेपर आणि गड, सगळं माझ्या अखत्यारीत. सिंहगडाची काच बसली तेव्हा हँडओव्हरच्या कागदावर सही माझी होती. 'आवाज बाहेर येतो' अशा तक्रारी वर्षभरात पाच-सहा आल्या होत्या. त्या मी 'बघू' नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिल्या होत्या.

त्यानंतर आठवड्याभरात दिवाळी आली आणि मी घरी गेले. घर म्हणजे चंद्रपूर. त्यातही खरं घर ऊर्जानगर, सुपर थर्मलची कॉलनी, जिथे माझं सगळं लहानपण गेलं. बाबा वीज मंडळात लागले, 2005 साली मंडळाचे तुकडे झाल्यावर महानिर्मितीचे झाले, आणि रिटायर होईपर्यंत 500 मेगावॅटच्या संचाच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करत राहिले. क्वार्टर सोडून आता ते तुकूमला राहतात, पण संध्याकाळचं फिरणं अजून कॉलनीकडेच. अंधार पडायच्या आत परतायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघानं एक कामगार मारला आणि लगेच दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं एक मुलगा, तेव्हापासून आईचा तसा हुकूमच आहे.

ऊर्जानगरात राहिलेल्या माणसाला आवाजाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला. सगळ्यात जुने दोन संच आता बंद पडलेत, तरी केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. त्याची घरघर आमच्या उशाशी असायची. पंखे, कोळशाच्या चक्क्या, कूलिंग टॉवरमधून पडणाऱ्या पाण्याचा न थांबणारा पाऊस. ती घरघर आम्हाला ऐकूच यायची नाही, कारण ती कायम होती. उलट एखादा संच ट्रिप झाला, सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफेचा तो भयंकर आवाज येऊन गेला आणि मागची घरघर जरा बसली, की शेजारच्या क्वार्टरमधलं बोलणं भिंतीतून यायला लागायचं. आई म्हणायची, "आता हळू बोला, संच बंद आहे." दुसऱ्या कुठल्या गावात आईनं हे वाक्य उच्चारलं नसेल.

फिरताना मी बाबांना सगळं सांगितलं. मैत्रिणीचं, टोकनचं, फोल्डरचंही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. लहानपणी खंडेनवमीच्या पूजेला बाबांनी मला एकदा प्लांटमध्ये नेलं होतं. टर्बाइन हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. मिनिटाला 3000 फेरे घेणारी ती भलीमोठी यंत्रं. अशा ठिकाणी आवाज 90 डेसिबलच्या आसपास असतो, माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलतात. आणि बाजूलाच कंट्रोल रूम. तिलाही काचच होती! काचेपलीकडे राक्षस गुरगुरतोय आणि अलीकडे बाबांचे मित्र हळू आवाजात फोनवर बोलतायत, कपबशीचा आवाज ऐकू येतोय. मग तिथली काच राक्षस अडवते, आणि माझी 12 एमएमची काच एका माणसाचं कुजबुजणं का नाही अडवत?

"काचेले काय धरून बसली तू?" बाबा म्हणाले. "आमची कंट्रोल रूम म्हणजे डबा होता बाई, झाकण लागलेला. काच दुहेरी, मधात हवा. दारं दोन, एक बंद झाल्यावर दुसरं उघडाचं. केबल जाते तिथली भोकंसुद्धा बुजवलेली. तुझ्या रूमचं झाकण पाह्यलं का कधी?"

नव्हतं पाहिलं.

पुण्याला परतल्यावर एका शनिवारी रिकाम्या ऑफिसात मी आणि आमचे सिक्युरिटीचे काका, असे दोघं सिंहगडाच्या मोहिमेवर निघालो. बाबा चंद्रपुराहून फोनवर. फोन स्पीकरवर टाकून आत टेबलावर ठेवला, दार लावलं. बाबांना म्हटलं, काहीतरी वाचत राहा. त्यांनी पेपर उघडला आणि कोळशाच्या वॅगनची बातमी खड्या आवाजात वाचायला घेतली. बाहेर माझ्या खुर्चीत बसून मला वॅगनचा आकडाही ऐकू आला. काका तर बातमीवर मत देऊ लागले.

"आता उदबत्ती घे आणि दाराच्या कडेनं फिरव," बाबांची ऑर्डर. म्हटलं, बाबा, वर स्मोक डिटेक्टर आहे, आख्खी बिल्डिंग खाली उतरेल. "मंग टिश्यू पेपरची पट्टी धर." पट्टी धरली. एसीच्या हवेनं दाराच्या खाली ती फडफडली. मग कडेनंही, बिजागरीच्या बाजूलाही, वरही. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो, इतकी सरळ गोष्ट. पण काचेतून आरपार दिसत असल्यामुळे काच आणि मोकळी जागा यांतला फरक डोळ्याला जाणवतच नाही. लाकडी दाराखाली बोटभर फट असती तर मी पहिल्या दिवशी बोंब मारली असती.

हिशेब केला आणि थक्क झाले. 12 एमएमची काच प्रयोगशाळेत, कडा नीट बंद करून तपासली तर साधारण 35 डेसिबल आवाज अडवते. म्हणजे वाईट नाहीच ती. पण भिंतीत एक टक्का जरी भोक असलं, तर उरलेली भिंत किल्ल्याची असो की काचेची, एकूण अडवणं 20 डेसिबलच्या वर जात नाही. सिंहगडाच्या दाराखाली एक सेंटिमीटर आणि तिन्ही कडांना तीन-चार मिलिमीटर फट. सगळ्या फटी जोडल्या तर भिंतीच्या जेमतेम पाव टक्का. तेवढ्यानं 35 चे 25 होतात. आणि दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला आवाज जवळजवळ दुप्पट. घोरपड लावायची गरज नाही. हा गड दाराखालूनच फितूर होता.

बरं, ही झाली दाराची कथा. सोमवारी आमच्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस शिडी घेऊन आला आणि त्यानं फॉल्स सीलिंगची एक टाइल वर ढकलली. मी शिडीवर चढून पाहिलं. काच फॉल्स सीलिंगच्या पट्टीपर्यंत येऊन थांबली होती. त्यावर स्लॅबपर्यंत दीड-दोन फूट मोकळं. इकडून तिकडं नुसता अंधार आणि डक्ट. सिंहगड आणि तोरण्याचं आभाळ एकच होतं! रायगडावरचं बोलणं तोरण्यावर कसं पोचायचं ते तेव्हा कळलं. ऑफिसचं काम घाईत उरकायचं असतं तेव्हा आधी छत, मग पार्टिशन लावतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आता या विषयातली गंमत बघा. तीन कोटेशनं मागवली. पहिला म्हणाला, मॅडम, आत फोमचे पॅनेल लावा, साउंडप्रूफ होईल. तो पिरॅमिडच्या आकाराचा करडा फोम तुम्ही पाहिला असेल, यूट्यूबवाल्यांच्या मागे असतो तो. त्यानं आतला घुमारा कमी होतो, हे खरं. काचेची खोली घुमतेच. आवाज काचेवर आपटतो आणि जवळजवळ सगळाच्या सगळा परत येतो. खोलीत घुमारा किती वेळ राहतो हे मोजण्याचं सूत्र वॉलेस सबाइन या अमेरिकन प्राध्यापकानं काढलं. हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात कोणाला काही कळेना म्हणून 1895 मध्ये त्याला कामाला लावलं होतं. तो रात्री-अपरात्री खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणून प्रयोग करायचा. सिंहगडाला ते सूत्र लावलं तर घुमारा सेकंदभर निघतो. मऊ छत आणि गालिचा टाकला तर निम्म्याहून कमी होईल. पण घुमारा शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं. स्पंजानं पाणी टिपता येतं, नळाचं गळणं थांबत नाही. घुमारा गेल्यावर आतलं बोलणं स्वच्छ होतं. फट तशीच ठेवली तर बाहेर पोचणारे शब्दही अधिक सुटे ऐकू येतात. शिवाय साधा फोम झटकन पेट घेतो, हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारल्यावर विषय बदलला.

दुसरा म्हणाला, काच बदला, 15 एमएम टाकू. खर्च ऐकून फायनान्सवाले खुर्चीतून उठले. वजन दुप्पट केलं तर कागदावर सहा डेसिबल मिळतात. 12 ची 15 केली तर जेमतेम दोन. कानाला कळणारही नाहीत. त्यापेक्षा दोन काचांच्या मधे मऊ पापुद्रा असलेली लॅमिनेटेड काच चांगली. तो पापुद्रा काचेची थरथर गिळतो. आणि त्याहून चांगली बाबांच्या कंट्रोल रूमसारखी दुहेरी काच, मधे हवा आणि दोन्हींची जाडी वेगवेगळी. कारण प्रत्येक काचेचा एक कच्चा सूर असतो, त्या सुराला ती अडवण्याऐवजी साथ देते. 6 एमएमचा साधारण 2000 हर्ट्झला, 12 एमएमचा 1000 ला. दोन्ही नेमके माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत! जाडी वेगळी असली की एकीचा कच्चा सूर दुसरी सांभाळून घेते. संसारासारखंच.

तिसरा एक बुटका, कमी बोलणारा फॅब्रिकेटर. त्यानं खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं, दाराच्या फटीतून आरपार घातलं आणि म्हणाला, "आधी हे बंद करू, मग काचेचं बोलू." काम त्यालाच दिलं. दाराखाली ड्रॉप सील लागलं, म्हणजे दार मिटलं की रबराची पट्टी आपोआप खाली उतरते. कडांना गास्केट. फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅबपर्यंत जिप्समचा पडदा, आत रॉकवूल. बाबांना फोटो पाठवला तर म्हणाले, "अरे, हे तर आपलं लॅगिंग." बॉयलरच्या पाइपांवर उष्णता अडवायला जे गुंडाळतात तेच हे. परतीच्या हवेला मात्र वाट लागतेच, नाहीतर आतली माणसं गुदमरतील. तिच्यासाठी आतून अस्तर लावलेला वळणाचा डक्ट केला. हवा वळते, आवाज वळणावर दमतो. खाली गालिचा, एका भिंतीला कापड चढवलेली पॅनेल्स. काच तीच ठेवली.

मग परत शनिवार, परत काका, परत बाबा आणि पेपर. यावेळी बाहेर नुसती गुणगुण. आत कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय ते नाही. मी खूश. बाबा म्हणाले, "एसी बंद करून पाह्य." बंद केला. फ्लोअर एकदम शांत झाला, आणि त्या शांततेत गुणगुणीतून शब्द वर यायला लागले. 'वॅगन'. 'बल्लारशा'. म्हणजे आवाज तेवढाच, पण त्याला झाकणारं काही उरलं नव्हतं. संच बंद झाल्यावर भिंतीतून येणारे शेजारी मला तेव्हा आठवले.

खोली किती अडवते हा अर्धाच हिशेब. बाहेर काय चालू आहे हा उरलेला अर्धा. बाहेरच्या देशांत ऑफिसच्या छतात स्पीकर लावून मुद्दाम मंद सुसाट सोडतात, शब्द बुजावेत म्हणून. बाबांना हे सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. "आम्ही तर फुकटात ऐकवत होतो." मग जरा थांबून म्हणाले, "पण बिबट्याची चाहूलही त्यातच बुजते बरं." आमच्याकडे ते स्पीकर नाहीत. सहानंतर एसी बंद होतो, म्हणून सहानंतर गडांवर एचआरची मीटिंग घ्यायची नाही, असा एक नियम मी मेलवर टाकला. फार लोकांनी तो वाचला नसेल.

एचआरवरून आठवलं. आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत रात्री 45 डेसिबल वगैरे. पण तो हिशेब आवाज किती मोठा याचा आहे, शब्द कुठपर्यंत गेला याचा नाही. कामाच्या जागी बाईच्या लैंगिक छळाबद्दल 2013 चा जो कायदा आहे, त्याचं 16 वं कलम सांगतं की तक्रार, तक्रार करणारी, साक्षीदार, चौकशी, यातलं काही बाहेर येता कामा नये. आमच्या अंतर्गत समितीची एक चौकशी मागच्या वर्षी झाली होती. कुठे, ते सांगायला हवं का? पाणी आणि बिस्किटांची व्यवस्था मीच केली होती. टिश्यू पेपरचा बॉक्सही आठवणीनं ठेवला होता. त्या मुलीनं नंतर महिन्याभरात नोकरी सोडली. 'पर्सनल रीझन' असं तिनं लिहिलं होतं, आणि मी तेवढंच वाचलं होतं.

मैत्रीण गेल्या आठवड्यात भेटली. तिला दुसरी नोकरी लागली, पगार थोडा कमी, ऑफिस खराडीला. वाकडचा फ्लॅट सोडावा लागला. टोकनमधले थोडेच पैसे परत मिळाले. आमच्या जुन्या ऑफिसखालच्या टपरीवर चहा घ्यायला थांबलो. समोर रस्ता, रिक्षा, पीएमपीच्या बसेस, एक जनरेटर. दोन फुटांवरच्या माणसालाही आमचं बोलणं ऐकू जाणार नाही, असा गोंगाट.

मी तिला सिंहगडाचं सांगत होते. ड्रॉप सील, रॉकवूल, कच्चा सूर, सगळं. ती ऐकत होती. ग्लास खाली ठेवून म्हणाली, "त्या मंगळवारी तू जागेवरच होतीस ना?"

मी "हो" म्हटलं.

"मला वाटलंच होतं. तू एरवी भेंडी खात नाहीस."

तेवढ्यात बस गेली. पुढचं तिचं वाक्य मला ऐकू आलं नाही. परत विचारायचा धीर झाला नाही. तिनं दोन कटिंग अजून सांगितल्या.